विमानाच्या पंखांचा मधला जोड

दादा बाबांना जे बोलू नये ते बोलला, आणि कशावरून, तर विमानाचा पंख कशाने चिकटवायचा यावरून. हसू नका. आमच्या घरात जमीनजुमला नव्हता, सोनंनाणं नव्हतं. भांडायला सरसच होता.

एकाहत्तर साल. आम्ही हिंदी मुलखात, खमरियाला, सरकारी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे अंगण, अंगणात पेरू. दोन्हीकडच्या भिंती इतक्या पातळ की शेजारच्या काकूंनी मिरचीची फोडणी दिली की शिंका आम्हाला. बाबा कारखान्यात, भरणीच्या विभागात. तोफगोळ्यांत दारू भरायचं काम. हे एवढं एक वाक्यसुद्धा मला बाबांनी कधी सांगितलं नाही, शाळेतल्या पोरींकडून कळलं. कारखान्याचा शब्द घरात काढायचा नाही, हा सगळ्या इस्टेटीचाच, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीचाच, नियम होता. भिंतींवर तशा पाट्या होत्या, आणि त्या पाट्या माणसांच्या अंगातही गेल्या होत्या. आई विचारायची, "आज काय केलं?" बाबा म्हणायचे, "काम केलं." तीस वर्षं हेच उत्तर. मला तर वाटायचं, उद्या कोणी यांना विचारलं की कारखान्यात पाणी कोणत्या रंगाचं येतं, तर हे तेही सांगणार नाहीत.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. दोन वर्षांपूर्वी सैन्यात गेला होता, तोफखान्यात. त्या साली दसऱ्याच्या आधी तो वीस दिवसांच्या रजेवर आला आणि आल्या आल्या माळ्यावरून त्याचं लाकूडसामान काढून बसला. शाळेत असल्यापासून त्याला विमानं बनवायचा नाद. बाहेरदेशी यासाठी वेगळं हलकं लाकूड मिळतं म्हणे. आमच्याकडे सावरीचं मिळायचं, इथे सगळे त्याला सेमल म्हणतात. ते लाकूड, बांबूच्या कामट्या आणि वरून पतंगाचा पांढरा कागद. या वेळी त्याने मोठंच काढलं होतं, बिनइंजिनाचं, दोरीने ओढून सोडायचं. दोन पंख मिळून माझ्या पसरलेल्या हातांएवढे. दोन्ही पंख मधे एकमेकांना जोडायचे, आणि सगळा भार त्या मधल्या जोडावर.

चिकटवण्याच्या बाबतीत दादा सोवळ्यातल्या बाईसारखा. कागदाला खळ, मैद्याची, आणि त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं खातात. डिंक फक्त पाकिटांना, लाकडाला लावला की वाळून तडकतो. दोन्ही बाजू घासून, पुसून, मगच लावायचं. जास्त लावायचं नाही, बाहेर ओघळलं की समजायचं लावणाऱ्याला अक्कल नाही. मला एकदा त्याने कामट्या चिकटवायला दिल्या आणि बघून म्हणाला, "तू पोळ्यांना तूप लाव, तुला तेच जमते." मी त्या कामट्या त्याच्या अंगावर फेकल्या.

मधल्या जोडासाठी मात्र त्याच्याकडे नवीन नुस्खा होता. क्लबातले फुटके टेबलटेनिसचे चेंडू त्याने मागून आणले, कात्रीने बारीक कापले आणि सदर बाजारातल्या एका दुकानातून आणलेल्या ॲसिटोनच्या बाटलीत टाकले. दोन दिवसांत चेंडू विरघळून मधासारखा दाट रस झाला. हलका, झटकन वाळणारा, पाण्याला न भिणारा. त्याने जोड दिला आणि मला म्हणाला, "आता हत्ती बसव." आणि मित्राकडे अधारतालला निघून गेला.

बाबा ड्यूटीवरून आले ते दारातच थांबले. चपला पायातच.

"हा वास कसला?"

मी बाटली दाखवली. चेंडू विरघळवल्याचं सांगितलं. बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "स्टोव्ह चालू आहे?" आई आत चहा ठेवून राहिली होती. बाबांनी आत जाऊन स्टोव्ह स्वतः बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, बाटली दोन्ही हातांत धरली, काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तशी, आणि अंगणाच्या पार टोकाला नेऊन खड्ड्यात ओतली. वर माती टाकली, मातीवर पाणी टाकलं. मग बसले आणि पात्याने दादाचा जोड उकलून त्याचा कण अन् कण खरवडून काढला. ती खरवडसुद्धा त्याच खड्ड्यात. घरातला वास पुरता गेल्यावर सुताराकडचा सरस भिजवला, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम केला आणि पंख पुन्हा जोडले. आईने नाकाला पदर लावला. जनावरांच्या कातड्या-हाडांचा तो सरस, त्याचा वास काय सांगावा. ती म्हणाली, "हे घरात नाही ठेवायचं, बाहेर व्हरांड्यात ठेवा."

दादा आला. त्याने पाहिलं.

"बाबा, काहून?"

"तो रस घरात नको."

"पण काहून नको? काही कारण?"

"नको म्हटलं ना."

झालं. मी तिथेच उभी होते, मला बाबांचाच राग आला. कारण सांगायला काय जातं माणसाचं? दादा जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच इस्टेटीमागच्या मैदानावर आम्ही गेलो. शेजारपाजारचे सगळे जमले होते, कोणी चहाचा ग्लास हातात घेऊन, कोणी दात घासत. विमान रात्रभर व्हरांड्यात होतं आणि ऑक्टोबरचं दंव चांगलं पडलं होतं. सरसाला ओल चालत नाही, हे दादाला ठाऊक होतं, बाबांनाही ठाऊक असणार. पण बोलणार कोण? दोघांचीही तोंडं फुगलेली. दादाने दोरी धरून धाव घेतली, विमान वर चढलं, इतकं सुंदर चढलं की मी टाळी वाजवली. मग मधोमध ते दुमडलं. एक पंख इकडे, एक तिकडे, आणि अंग दगडासारखं खाली. लोक हसले. वाईट मनाने नाही, पण हसले.

दादाने पंख उचलून जोडाची जागा पाहिली आणि सगळ्यांसमोर बाबांना म्हणाला, "तुमच्या हातची एक काडी जुळत नाही, आणि तुम्ही तिकडे गोळे भरून राहिले! तेच गोळे आमच्या तोफेत यायचे आहेत. देवच आमचा वाली."

ज्यांच्यासमोर हे बोलला ते सगळे त्याच कारखान्यातले. बाबांच्या कामात कधी कोणी खोट काढली नव्हती, आणि पोटच्या पोराने चारचौघांत काढली. बाबांनी दोन्ही पंख उचलले, कागद झटकला आणि घराकडे चालू लागले. मी दादाला म्हणाले, "माफी माग." तो म्हणाला, "आधी त्यांना कारण सांगू दे." मी म्हणाले, "तू गाढव आहेस." हे आमचं त्या सुट्टीतलं शेवटचं धड बोलणं, कारण तिसऱ्या दिवशी तार आली. रजा रद्द. त्याला स्टेशनवर सोडायला बाबा गेले, पण दोघं फलाटावर उभे राहून गाडीची वाट पाहत राहिले, आणि गाडी आल्यावर दादा पाया पडला, बस.

मग लढाई आली. बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. भोंगा वाजला की रांझीपासून खमरियापर्यंत रस्ता नुसता सायकलींचा. मी खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला, त्याच मोरचूद घातलेल्या खळीने, आणि चिकटवताना दादाची आठवण येऊन रडले. बाबांचे हात पिवळे पडत चालले. भरणीतल्या लोकांचे पडतातच, पण त्या महिन्यांत मनगटापर्यंत हळद लागल्यासारखे झाले. साबणाने जायचं नाही. घास कडू लागतो म्हणून ते चमच्याने जेवायला लागले. उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा, आई तो वेगळा धुवायची. त्याबद्दलही कोणी काही बोलायचं नाही. आम्ही सगळे एकजात मुके.

दादाची पत्रं यायची, दोन ओळींची. मी बरा आहे, आईला सांभाळा. बाबांसाठी वेगळं काही नसायचं. बाबा पत्र हातात घेऊन उलटून पाहायचे, मागे काही लिहिलंय का म्हणून.

एका संध्याकाळी ते आले आणि मला म्हणाले, "बेटा, मलई काढलेलं दूध आहे का?"

"कशाला?"

"चिकटवायला."

मला वाटलं, झालं, जास्तीच्या पाळ्यांनी यांचं डोकं गेलं. पण तसं नव्हतं. पेट्या बनवणाऱ्या विभागातला एक म्हातारा मिस्त्री सायकल स्टँडवर त्यांना म्हणाला होता, "भैया, दूध और चूना. पुराने ज़माने के हवाई जहाज़ इसी से जुड़ते थे." दूध आणि चुना काही सरकारी गुपित नव्हतं, म्हणून बाबा ही गोष्ट घरी आणू शकले. आणि काय सांगू, त्या दिवशी ते इतके बोलले! दूध नासवायचं, पाणी काढायचं, चोथा धुऊन घट्ट पिळायचा, त्यात खायचा चुना घालून घोटायचं. घट्ट रबडीसारखं होतं. तासा-दोन तासांत वापरून टाकायचं, उरलं तर फेकायचं. आईने डोक्याला हात लावला. म्हणाली, "अरे बाप्पा, लोक दुधाला महाग, आणि यांना विमान पाजायचं आहे."

पहिला घाणा फसला. माझी चूक, दूध म्हशीचं आणि मी मलई नीट काढली नव्हती. तुपकट चोथा काय चिकटणार? जोड बोटाने उकलला. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "ठीक आहे, हा लॉट नापास." मी त्यांच्या तोंडून कारखान्याचा शब्द पहिल्यांदा ऐकला.

मग त्यांची पद्धत मी पाहिली. सावरीच्या लाकडाचे हातभर तुकडे कापले, दोन-दोन जोडले, प्रत्येकावर खडूने खूण. चुना कमी, चुना जास्त, नासवायला लिंबू, नासवायला ताक. दोऱ्याने बांधून तीन दिवस सुकवले. मग काही पाण्याच्या बादलीत, काही उन्हात पत्र्यावर, काही दंवात व्हरांड्यावर. त्यानंतर एकेक तुकडा दोन विटांवर आडवा ठेवायचा आणि मधोमध पाण्याचा डबा टांगायचा. तोडायचं काम माझं. "मी तोडणार नाही," ते म्हणाले, "माझा हात हलका पडेल. तू इन्स्पेक्टर." बारा तास उभं राहून आलेला माणूस पेरूखाली उकिडवा बसून माझ्याकडे पाहायचा. तुकडा जोडावर तुटला की मान हलवायचे. शेवटी एक तुकडा असा निघाला की लाकूड फाटलं, जोड नाही फाटला. दोन दिवस पाण्यात राहूनही नाही. बाबांनी तो तुकडा हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरले. मला म्हणाले, "तो येईल तेव्हा त्याच्या हातात तयार विमान द्यायचं. आणि मग मी त्याला सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"त्याला सांगणार आहे."

सैन्यातून पत्र यायला आठवडा उशीर झालेला होता, तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघांनी "तो येईल तेव्हा" एवढंच धरून ठेवलं होतं.

रविवारी अर्धा दिवस मिळाला तेव्हा पंख जोडले. दोन्ही बाजू घासल्या, पुसल्या. बाहेर ओघळू दिलं नाही. वरून पतंगाचा नवा कागद लावताना बाबांनी जोडावर अंगठा दाबून धरला, ओल्या कागदावर. उचलला तर पिवळा ठसा. रेघान्‌रेघ दिसत होती. बाबांनी लिंबू चोळून पाहिलं, ठसा हलला नाही. मग एकदम त्यांचा बांध फुटला. "मी एवढं सगळं बाहेर ठेवलं," म्हणाले, "तरी घरात आलंच." मी म्हणाले, "कागद बदलू या." ते म्हणाले, "आता हात लावला की पुन्हा तेच." मी मग कागद तसाच राहू दिला.

लढाई संपली. डिसेंबरातच संपली, पण दादा फेब्रुवारीत आला. आधी पत्र आलं होतं लष्करी इस्पितळातून, "कानाला थोडा त्रास आहे." आम्ही समजलो, सर्दी असेल. स्टेशनवर मी हाक मारली, तो वळला नाही. पुन्हा मारली, नाही वळला. आईने दंडाला धरलं तेव्हा दचकला. तोफेजवळ दिवस-रात्र उभं राहून त्याचे कान गेले होते. तोंडाजवळ जाऊन ओरडलं तर थोडं कळायचं. आणि तो स्वतः इतक्या मोठ्याने बोलायचा की सगळा फलाट आमच्याकडे पाहायचा.

त्या संध्याकाळी जेवणाआधी बाबांनी विमान आणून त्याच्यासमोर ठेवलं. आई आत होती. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. बाबा त्याच्याशेजारी बसले आणि बोलायला लागले. तोंडाने कधी कारखाना न काढलेला माणूस, त्याने ते सगळं आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, शेजारी ऐकू जाऊ नये अशा आवाजात. मी शब्दान्‌शब्द ऐकला.

ते म्हणाले, "ते चेंडू ज्याचे असतात ना, ते आम्ही गोळा उडवायला त्याच्यामागे जी दारू भरतो त्याच जातीचं. त्यालाही तेच ॲसिटोन लागते, तोच वास. मी ते पेटताना पाहिलं आहे. माणूस पळेपर्यंत वेळ देत नाही. त्या दिवशी दारातून आत पाय टाकला तर तोच वास, आणि तुझी आई स्टोव्हजवळ. कारण सांगायला पाहिजे होतं मी. पण तिथलं इथे बोलायचं नाही, तीस वर्षांची सवय, जीभच उचलली नाही. सरस चालणार नाही हे मला ठाऊक होतं. पण तुमच्यापेक्षा विमान पडलेलं बरं, असं वाटलं. चुकलं माझं, सांगायला पाहिजे होतं."

दादा त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. म्हणाला, "अँ? जोरात बोला, बाबा!"

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे काकूंच्या बांगड्या वाजत होत्या. हे ओरडून सांगणं त्यांना मरेपर्यंत जमलं नसतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि हात हलवला. "काही नाही. जोड बघ."

दादाने जोडावरून बोट फिरवलं. पुढून, मागून. अंगठ्याच्या ठशावर थांबला. मग पंख दोन्ही टोकांना धरून वाकवले, अगदी जोर लावून, आणि क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असा ओरडला, "पक्का आहे, बाबा! कशाने चिकटवलं?"

बाबा हसले. मी ओरडून सांगितलं, "दुधाने!" त्याला वाटलं मी थट्टा करते.

रात्री मी भांडी घासत होते, तेव्हा बाबा माझ्याजवळ आले. "तू ऐकलं?" मी हो म्हणाले. "मग झालं. बाहेर बोलायचं नाही." मी एका कागदावर चार ओळी लिहून दादाला दिल्या असत्या तर पाच मिनिटांचं काम होतं. मी लिहिल्या नाहीत. बाबांनी नको म्हटलं हे एक. आणि खरं सांगायचं तर माझा दादावरचा राग गेला नव्हता. मैदानातल्या बोलण्याची माफी त्याने अजून मागितली नव्हती, मला वाटलं आधी मागू दे. हट्टाचं खापर मी बाबांवर फोडते, माझा काय कमी होता? पाच वर्षांनी बाबा गेले. दादाने माफी मागितली नाही ती नाहीच.

विमान माझ्याकडे आहे, कपाटावर. कागद फाटला, शेपटी गळाली, खळ झुरळांनी खाल्ली, मोरचूद घालूनसुद्धा. मधला जोड आहे तसा आहे. मागच्या दिवाळीत दादा आला होता, आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, कानातलं मशीन त्याला सोसत नाही, काढून खिशात ठेवतो. ते विमान बघून माझ्या सुनेला मोठ्याने सांगत होता, "आमचे बाबा म्हणजे हट्टाचं पोतं! माझा चांगला जोड उकलून सरस लावला, आणि कारण? नको म्हटलं ना!" सून हसली. माझ्या हातातला लाडू खाली पडला.

त्या चेंडूंचं सेल्युलॉइड पेटतं हे आता कोणत्याही पुस्तकात असतं. गुपित कसलं राहिलंय? दादा, बाबा त्या संध्याकाळी तुझ्याजवळ बसून काय बोलले ते मी वर लिहिलं आहे, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तुला ऐकू येत नाही, पण वाचता येतं. चष्मा लाव आणि वाच.